त म्हणता तूप

माझ्या वडिलांचं तूप मी बंद केलं आणि मीठ चालू ठेवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच्या बरोब्बर उलट. नुसतं चालू ठेवलं असंही नाही, लोणच्याची बरणी त्यांच्या ताटाशेजारी मी स्वतःच्या हातानं नेऊन ठेवत होते आणि वर ‘खावा, डॉक्टरांनी सांगितलंय’ असं बजावत होते. बेळगावातल्या आमच्या वडगावच्या घरात तेव्हा कन्नड येणारी मुलगी म्हणून माझी ख्याती होती. ही ख्याती मीच पसरवलेली असल्यामुळं तिच्याबद्दल शंका घ्यायचं कुणाला काही कारण नव्हतं. ‘त’ म्हणता ताकभात ओळखणारी माणसं जगात पुष्कळ असतात. समोरचा ‘त’ म्हणालेलाच नसताना मी तूप ओळखलं, आणि त्यापायी घरातला एक माणूस दवाखान्यात आणि एक माणूस निपाणीला जाऊन पोचला.

आमचं घर म्हणजे पुढं मागाची खोली आणि उरलेल्या जागेत माणसं. एका मागावर आप्पा, म्हणजे वडील, दुसऱ्यावर अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ. दोघं खड्ड्यात पाय सोडून बसले आणि धोटे पळायला लागले की खटक-धाड, खटक-धाड सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत. मधूनमधून आईच्या रहाटाची कुरकुर, ती कांड्या भरत बसलेली असायची. आईची स्वतःची कुरकुर वेगळी, रहाट थांबला तरी ती चालायची. असल्या आवाजात वाढलेली माणसं एकमेकांशी शेताच्या दोन बांधांवर उभं राहिल्यासारखी बोलतात. आप्पांना तर कानानं कमीच ऐकू यायला लागलंय असं आम्ही धरून चाललो होतो, कारण आम्ही हाका मारल्या तरी ते वळत नसत. संध्याकाळी मात्र शेजारच्या बसाप्पांच्या कट्ट्यावर ते जाऊन बसत आणि दोघांच्या गप्पा हळू आवाजात बराच वेळ चालत. कुठल्या भाषेत चालत, हे भिंतीच्या अलीकडं राहून मी कधी ऐकलं नाही. आणि ऐकणं हाच माझा धंदा होता.

मी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. हे आता कुणाला समजावून सांगणं अवघड आहे. माझी नात विचारते, ‘म्हणजे आज्जी, तू सिम कार्ड होतीस काय?’ साधारण तसंच. कानाला हेडफोन, पुढ्यात भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. गोकाकच्या माणसाला निपाणीतला माणूस पाहिजे असला की मधे मी. आम्ही मुली रांगेत बसून ह्या गावाचं तोंड त्या गावाच्या कानाला जोडायचो आणि मधूनमधून आपलाही कान लावायचो. माझं कन्नड तिथं तयार झालं. होल्ड माड्री, लाईन इल्री, माताड्री माताड्री, कट् आतु, म्हणजे थांबा, लाईन नाही, बोला बोला, कट झालं. शिवाय शंभरपर्यंत आकडे. एवढ्या भांडवलावर मी घरी येऊन सांगायचे, ‘कन्नड म्हणजे काय, कानावर पडलं की येतं.’ कानावर पडायचं एवढं खरं होतं.

पगार आणायला लागल्यापासून हे घर आपल्याच खांद्यावर उभं आहे, असंही मला वाटायचं. सकाळी वेणी घालताना मी आरशात बघून सुस्कारा टाकायचे. ड्यूटीवर मैत्रिणींना सांगायचे, ‘घर बघा, वडिलांचं बघा, नोकरी बघा, माझंच मला माहीत.’ प्रत्यक्षात भाकरी वहिनी थापायची, धुणं वहिनी धुवायची, आप्पांचे पाय वहिनी शेकायची, आणि मी जेवून, डबा घेऊन, पदर सारखा करून सिटी बस पकडायचे. तारेवरची कसरत करते म्हणून मी गावभर सांगत होते. तार दुसरंच कुणीतरी दोन्ही टोकांना धरून उभं होतं.

ही वहिनी निपाणीकडची, इंदू तिचं नाव. माहेरी म्हशी. लग्नात आली ती कडीच्या डब्यात तूप घेऊन आली, आणि पुढं दर खेपेला माहेराहून येताना तो डबा भरून यायचा. रवाळ, पिवळसर, झाकण काढलं की मागाच्या खोलीतल्या खळीच्या आंबूस वासावर मात करणारं तूप. दुसरं काही तिच्या बापाच्यानं होत नव्हतं. त्यामुळं सासरी तिची काय किंमत होती ती त्या डब्यात होती. आप्पा गरम भाकरीचा पापुद्रा उचलून आत ते तूप सोडायचे आणि बोटानं फिरवायचे. त्यावेळी त्यांचा चेहरा बघून आई म्हणायची, ‘जसं काय आमी आजवर ह्यांस्नी तूपच दावलं न्हवतं.’ वहिनी भांडी मात्र जरा जोरात घासायची.

तर अशात आप्पांच्या पायांना सूज आली. मागाच्या पायाखालच्या फळ्या दाबताना त्यांना थांबायला लागायचं. खटक झालं की धाड ऐकू यायला वेळ लागायचा आणि त्या मधल्या वेळात स्वयंपाकघरात वहिनीचा हात पिठात थांबायचा. मग धापही लागायला लागली. एका व्यापाऱ्याच्या लग्नाच्या साड्या द्यायच्या होत्या, अण्णाला मागावरनं उठता येईना, म्हणून आप्पांना दवाखान्यात न्यायचं माझ्याकडं आलं. मी माझी बरी साडी नेसले. आजारी माणसाबरोबर जाताना बरी साडी नेसली की डॉक्टर नीट बघतात, असा माझा समज होता.

डॉक्टर धारवाडकडचे, बेळगावात नवीन आलेले, तरुण. त्यांनी बिचाऱ्यांनी सुरुवात मराठीतच केली. ‘सूज किती दिवस झालं?’ एवढ्यावर भागलं असतं. पण समोर कन्नड माणूस बसलेला, आणि माझ्या जिभेवर शंभरपर्यंत आकडे वळवळत असलेले. मी म्हटलं, ‘स्वल्प दिन आत्री.’ थोडे दिवस झाले.

डॉक्टरांचा चेहरा उजळला. ‘कन्नड बरतदेन्री?’ कन्नड येतं काय?

‘बरतद्री,’ मी म्हटलं. पदवी घेतलेली माणसं पदवी सांगतात त्या आवाजात.

मग ते जे सुटले. परगावात आपल्या बोलीचं माणूस भेटल्यावर माणसाचं होतं तसं त्यांचं झालं होतं. मला त्यातलं चार शब्दांमागं एक कळत होतं. श्वास घ्यायला ते थांबले की मी नुसतं ‘हौद्री’, हो हो, म्हणत होते, आणि त्यांना वाटत होतं मी सगळं लिहून घेतल्यासारखं ऐकतेय. आप्पा बाकावर सदऱ्याची बटणं उघडी टाकून बसलेले, डॉक्टरांच्या तोंडाकडं टक लावून. शेवटी चिठ्ठी माझ्या हातात देता देता, पुढच्या पेशंटला हात करता करता डॉक्टर म्हणाले, ‘ओट्ट उप्प ब्याड.’

ओट्ट म्हणजे अजिबात, उप्प म्हणजे मीठ, ब्याड म्हणजे नको. घाईत म्हटलं की ‘ओट्टुप्प ब्याड’. त्यातलं सुरुवातीचं ‘ओट्’ मी टाकून दिलं आणि राहिलेल्या ‘टुप्प’चं तूप कढवलं. तुपाला कन्नडात तुप्पच म्हणतात, हे मला पक्कं माहीत होतं, आणि माहीत असलेला शब्द भेटल्याच्या आनंदात मी पुढं फारसं ऐकलंच नाही. डॉक्टर आणखी काहीतरी उप्पिनकाई, हप्पळ असं म्हणाले आणि त्यांनी हात हलवला. लोणचं आणि पापड, हेही शब्द मला येत होते. मी क्षणात हिशेब जुळवला. तूप बंद, आणि तोंडाला चव म्हणून त्याच्या जागी लोणचं आणि पापड. किती समजूतदार डॉक्टर, असंही मनात आलं.

‘तिळीत्री?’ डॉक्टरांनी विचारलं. समजलं काय?

‘तिळीत्री,’ मी म्हटलं.

आप्पांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. मी त्यांना हातानंच गप्प केलं आणि त्यांच्या सदऱ्याची बटणं लावली.

घरी येऊन मी अंगणातच उभी राहिले. बातमी घरात शिरून सांगायची नव्हती मला, अंगणात सांगितली की बसाप्पांच्या घरापर्यंत जाते. अण्णा माग थांबवून बाहेर आला, आई रहाट सोडून आली, वहिनी कणकेच्या हातानं दारात उभी राहिली.

‘काय म्हटलं डॉक्टर, आप्पा?’ अण्णानं विचारलं.

‘आप्पास्नी काय कळतंय?’ मी म्हटलं. ‘सगळं कन्नडात झालंय. मला इचार.’

आणि मी निकाल वाचला. तूप आजपासून बंद, थेंबभरसुद्धा नाही. लोणचं, पापड भरपूर. आप्पांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं, माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं, आणि आत जाऊन माठातलं पाणी प्यायले.

आईला झालेला आनंद तिनं लपवायचा प्रयत्न केला, पण तो तिच्या आवाक्यातला नव्हता. ‘मी म्हणतच हुते. निपाणीच्या तुपानंच धरलंय ह्यांस्नी. लई पचपचीत.’

‘आत्ती, तूप पचपचीत नसतंय,’ वहिनी म्हणाली. ‘तूप रवाळ असतंय.’

‘डॉक्टरला सांग जा.’

पुढचे काही दिवस आई येता-जाता त्या डब्याकडं विंचू बघितल्यासारखी बघायची. मी त्यावर माझ्या बाजूनं वैद्यकीय टिपण्या करायचे. ड्यूटीवरनं आले की आधी आप्पांच्या भाकरीचा पापुद्रा उचलून आत तूप नाही ना हे बघायचे. एकदा वहिनीच्या बोटाचा वास घेतला. हे लिहिताना आज माझे कान तापलेत, पण घेतला. त्या दिवशी तिनं हात धुतले, डबा फडताळातनं काढला, कडी लावली.

‘माझ्या म्हायेरच्या तुपानं सासऱ्याला दुखणं आलं, हे रोज ऐकून घेत बसू व्हय मी हितं?’ ती म्हणाली. ‘चार दिवस जाऊन येतो. वन्सं हाईत की घर चालवाय.’

अण्णा तिला निपाणीच्या गाडीत बसवून आला आणि मागावर जाऊन बसला. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. तोही आप्पांचाच मुलगा, न बोलायचं ठरवल्यावर माग जास्त जोरात चालवायचा.

चार दिवसांचे किती झाले मी मोजले नाहीत. मोजायला मला फुरसत राहिली नव्हती. वहिनी गेल्यावर घर खरोखरच माझ्या खांद्यावर आलं आणि खांदा एवढा लहान असतो हे मला तेव्हा कळलं. आईचं मनगट दुखत होतं. ते सुनेच्या गाडीबरोबरच दुखायला लागलं होतं. पहाटे उठून पाणी, मग भाकऱ्या. माझ्या भाकऱ्या बेळगाव जिल्ह्याच्या नकाशासारख्या व्हायच्या, कोपऱ्याकोपऱ्यानं वाद असल्यासारख्या. मग आप्पांच्या गोळ्या, मग धुणं, मग पळत बस. बोर्डावर बसले की डोळे मिटायचे. एकदा मी कांद्याच्या व्यापाऱ्याला भलत्याच गावातल्या एका वकिलांशी जोडून दिलं. दोघं बराच वेळ बोलले आणि दोघांनीही तक्रार केली नाही, म्हणून निभावलं. मैत्रिणींपुढं सुस्कारे टाकायचं मी बंद केलं, कारण आता खरंच धाप लागत होती आणि ती दाखवायची लाज वाटत होती.

आप्पा मात्र शहाण्या पेशंटसारखे वागत होते. तुपाचं नाव काढत नव्हते. लिंबाचं लोणचं, आंब्याचं लोणचं, तळलेली सांडगी मिरची, दोन वेळा पापड. मी पुढं करायचे, ते खायचे. ‘औषधासारखं खावा,’ मी म्हणायचे. ‘व्हय बाई,’ ते म्हणायचे, आणि फोडीला लागलेला खार चाटायचे. सूज घोट्यावरनं नडगीवर आली. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि खड्डा भरून यायला वेळ लागायचा. आई म्हणाली, ‘वर्साचं तूप मुरलंय अंगात, उतराय दम धराय नको?’ मला ते पटलं. मी लोणचं वाढवलं.

मग एका सकाळी आप्पांचा माग सुरू झालाच नाही. अण्णाचा एकट्याचा आवाज येत होता आणि तोही मधेच थांबला. मी भाकरी तव्यावर टाकून बाहेर आले तर आप्पा खड्ड्याच्या काठाला टेकून बसलेले, तोंड उघडं, श्वास वरच्या वर. आडवं करायला गेलो तर त्यांना आडवं होता येईना. अण्णा त्यांच्या पाठीला पाठ लावून बसला. बसाप्पा पळत जाऊन रिक्षा घेऊन आले. तवा कुणी उतरवला नाही, घरभर करपल्याचा वास सुटला होता. तो वास नाकात घेऊनच मी दवाखान्यात पोचले. साडी कुठली नेसले होते मला आठवत नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पाय दाबून बघितले, आणि मला विचारलं, ‘उप्प बिट्टारेनु?’ मीठ सोडलंय काय?

ह्या वेळी ‘ओट्ट’ नव्हतं. शब्द उघडा होता. तरी मी म्हटलं, ‘हौद्री. तुप्प ओट्ट बंद. उप्पिनकाई, हप्पळ, दिवसातनं दोनदा.’ शेवटचं मराठीत म्हटलं, पण अभिमानानं म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, ‘तुप्प? तुप्प यार हेळ्यार्री?’ तूप कुणी सांगितलं? मग त्यांना काय झालं ते कळलं. ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले, लहान मुलीशी बोलावं तसे. ‘बाई, आता मी मराठीत बोलतो. माझं मराठी वाईट आहे, पण तुमच्या कन्नडपेक्षा बरं आहे. मीठ. जेवणातलं मीठ. ते नको. लोणचं नको, पापड नको. तूप मी नाव पण काढलं नाही.’

मी अण्णाकडं बघितलं नाही. तो माझ्याकडं बघत होता, हे न बघताही कळत होतं. इतके दिवस त्यानं बघावं असं मला वाटत होतं.

‘अजून थोडं उशीर झालं असतं तर,’ डॉक्टर म्हणाले आणि पुढचं त्यांनी कुठल्याच भाषेत सांगितलं नाही.

आप्पांना काही दिवस ठेवून घेतलं. लघवी होण्याचं औषध लागू पडलं, पाय पुन्हा पायांसारखे दिसायला लागले, श्वास खाली उतरला. उशीला टेकून बसता यायला लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते, ‘इंदू कुठाय?’

‘म्हायेरला,’ अण्णा म्हणाला.

‘अजून?’

अण्णा माझ्याकडं वळला. बोलणं सोडल्यानंतरचं त्याचं पहिलं वाक्य. ‘तू घालवलीस, तूच आण.’

पत्र लिहून चालणार नव्हतं. वहिनीनं ते वाचून म्हशीपुढं टाकलं असतं. जायला रजा नव्हती, आप्पांसाठी सगळी संपली होती. एकच रस्ता राहिला. वहिनीचा भाऊ निपाणीत तंबाखूच्या वखारीत होता आणि वखारीत फोन होता. वहिनीला वखारीत घेऊन यायचा निरोप मी त्याला पोचवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, माझी ड्यूटी संपल्यावर, रीतसर कॉल बुक केला. ठरावीक माणूस फोनवर आला तरच जोडायचा, असा कॉल. तो कॉल माझ्याच मैत्रिणीनं जोडला. आमच्या ऑफिसात खाजगी असं काही नसतं, हे मला माहीत असायला पाहिजे होतं, कारण आजवर मीच दुसऱ्यांचं ऐकत होते. मी फोन कानाला लावला आणि बघितलं तर रांगेतल्या सगळ्या मुलींच्या माना बोर्डाकडं आणि हेडफोन घट्ट.

निपाणीच्या बाजूला विमल होती. तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता, आवाजाची मैत्रीण. लाईन त्या दिवशी अशी होती की रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं वाटत होतं.

‘वहिनी,’ मी म्हटलं, ‘मी शालन.’

पलीकडं काहीच नाही. मग विमलचा आवाज आला. ‘त्यांना ऐकू जात नाहीय गं. तू मला सांग, मी मोठ्यानं सांगते त्यांना.’

आता काय करणार. ‘सांग, आप्पा दवाखान्यात आहेत, पण आता बरे आहेत.’

विमलनं सांगितलं. तिचा आवाज असा होता की वखारीत तंबाखू तोलणाऱ्यांनीसुद्धा ऐकलं असणार.

‘त्या रडताहेत,’ विमल म्हणाली. मग म्हणाली, ‘थांबल्या. विचारताहेत, तुपानं झालं काय?’

‘नाही म्हणावं. मिठानं.’

‘मिठानं,’ विमल ओरडली.

‘डॉक्टर मीठ नको म्हणाले होते. मी तूप ऐकलं.’

इथं विमलनं ते पुढं सांगायच्या आधी स्वतःसाठी एकदा विचारलं. ‘काय ऐकलंस?’

‘तूप.’

‘अगंबाई,’ विमल म्हणाली आणि तिनं ते वखारीला सांगितलं. माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी हेडफोनवर हात ठेवून खोकलं. मग विमलनं विचारलं, ‘आणखी काही सांगायचंय?’

‘सांग, माझं चुकलं.’

‘शालन म्हणते, माझं चुकलं,’ विमल ओरडली. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. वहिनी आली नाही तर अण्णाही फार दिवस त्या मागावर राहणार नाही, हे मला दिसत होतं, आणि एका मागाच्या आवाजावर आप्पा किती दिवस काढणार, हेही दिसत होतं. शेवटी विमल म्हणाली, ‘त्या म्हणतात, माझी माफी मागू नका, म्हशीची मागा. उद्याच्या गाडीनं येतो म्हणतात. आणि विचारताहेत, घरातलं पीठ संपलं असंल तर दळून ठेवलंय काय.’

पीठ संपलं होतं. मी त्याच संध्याकाळी गिरणीत गेले.

वहिनी आली ती डबा घेऊनच आली. डबा भरलेला होता. आईचं मनगट आपोआप बरं झालं. डब्याला तिनं हात लावला नाही, पण फडताळातली मधली जागा रिकामी करून पुसून ठेवली आणि रहाटाकडं गेली. वहिनीनं डबा तिथं ठेवला. मी बोटाचा वास घेतल्याचं तिनं पुढं कधी काढलं नाही. फक्त माझ्या लग्नात, सासरी निघताना, तिनं माझ्या हातात तुपाची लहान बरणी दिली आणि कानात म्हणाली, ‘वन्सं, कन्नड सासर बघितलं न्हाय, बरं केलासा.’

आता ह्या वयात माझंही मीठ बंद आहे. अनगोळच्या घरात नातीचं राज्य आहे, ती डॉक्टरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि माझ्या पायाला बोट लावून बघते. लोणच्याची बरणी तिनं वरच्या फळीवर ठेवलीय. माझा हात पोचत नाही, अशी तिची समजूत आहे. मी ती दुरुस्त केलेली नाही.

आप्पा घरी आल्यावर पहिलं जेवण वहिनीनं वाढलं. अळणी भाजी, भाकरी, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली होती म्हणून पापुद्र्यात बोटभर तूप. बसाप्पा आप्पांना बघायला आले होते. दाराशी बसून त्यांनी तब्येतीचं विचारलं, आप्पांनी सांगितलं, त्यांनी आणखी काही विचारलं, आप्पा हसले, आणि दोघं बोलत राहिले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. जरा वेळानं माझ्या लक्षात आलं की मला त्यातलं चार शब्दांमागं एक कळतंय. आप्पा धो-धो कन्नड बोलत होते. आयुष्यभर त्या गल्लीत विणलेला माणूस, निम्मी गल्ली कन्नड, दुसरं काय बोलणार होता.

बसाप्पा गेल्यावर मी तांब्या खाली ठेवला आणि म्हटलं, ‘आप्पा, तुमास्नी डॉक्टरचं सगळं कळलं हुतं. मग बोलला का न्हाय?’

आप्पांनी भाकरीचा घास अळणी भाजीत बुडवला, तोंड वाकडं केलं, गिळला, आणि म्हणाले:

‘बोलणार हुतो की गं. तोंड उघडलं तर तू बटणं लावाय लागलीस. मग अंगणात सगळ्यांम्होरं तूच म्हणालीस, आप्पास्नी काय कळतंय. म्हटलं, नसंल कळत. पोरगी शिकल्याली हाय. कळत न्हाय तवर लोणचं तरी खाऊन घ्यावं.’